इंजिन मालकासमोरच उघडले जाईल

“या घरात एक झाकण जागेवर सापडेल तर शपथ!”

बाबा ओट्यापाशी उभे राहून स्वतःशीच पुटपुटत होते. पाना त्यांच्या कोपरापासून दोन हातांवर मटार सोलत बसली होती, पण बोलणं तिच्यासाठी नव्हतं. हल्ली या घरात बरंचसं बोलणं कोणासाठीच नसायचं.

शेवटी बाबांनी तेलाच्या बाटलीचं झाकण शोधणं सोडलं. खालच्या कप्प्यातून पिवळ्या चौकड्यांचा जुना टेबलक्लॉथ काढला, टर्रकन एक तुकडा फाडला, चोळामोळा केला आणि बाटलीच्या तोंडात कोंबला.

“झालं!”

बाबांचा बोळा! घरात कुठेही उघडं तोंड दिसलं, की बाबांना चैन पडायची नाही. बाटली असो, बागेतल्या नळीचं टोक असो, की भिंतीतलं वायरीचं भोक, सगळीकडे पिवळा बोळा. “बाबा, मी जांभई दिली तर?” असं दादा विचारायचा आणि तोंडावर हात धरून पळायचा. मग बाबाच सगळ्यांत जास्त हसायचे.

पाच महिन्यांपूर्वीपर्यंत.

“शनिवारी तो गॅरेजचा चकाचकवाला येतोय,” बाबा बाटलीकडे बघत म्हणाले. “गाडी घेऊन जाईल. सुटे भाग करून विकेल तो.”

आईनं कढईतला झारा थांबवला. मग परत हलवला. पानाच्या हातातला मटार मात्र टुणकन उडून फ्रिजखाली गेला.

गाडी म्हणजे आजोबांची मोटरसायकल. आजोबा गेले, गाडी राहिली. दर वर्षी बाबा ती उघडून, पुसून, परत जोडायचे. या वेळी इंजिनाच्या तेलाची टाकीसुद्धा काढून धुतली, नवं तेल काठोकाठ भरलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सुट्टीवर आलेला दादा गाडी घेऊन फेरफटका मारायला निघाला. त्याच्या मागे पाना बसली होती. तिला मोटरसायकलवर बसवायचं नाही, अशी बाबांची सक्त ताकीद होती. म्हणून तर बसायची मजा!

परत येताना, घर चार गल्ल्यांवर असताना, इंजिनानं किंकाळी फोडली आणि मागचं चाक फरफटत थांबलं.

“उतर,” दादा म्हणाला. “मागच्या गल्लीनं घरी जा. तू नव्हतीसच. कळलं?”

संध्याकाळी बाबांचा आवाज शेजारपाजारपर्यंत गेला. “तेल मी स्वतः भरलंय! काठोकाठ! म्हणजे ताणलीस तू गाडी, बेफाम पळवलीस!”

“हळू चालवत होतो, बाबा.”

“बघायला कोण होतं?”

दादानं पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि पाना, जिच्या तोंडाला एरवी खीळ नसायची, ती पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत उभी राहिली.

“ही गाडी सुरू होईपर्यंत मला तोंड दाखवू नकोस!”

मोठी माणसं रागात असं काहीतरी म्हणतात आणि विसरतात. पण दादा विसरला नाही. पुढची सुट्टी लागली तरी आला नाही. तिकडेच कुठेतरी काम धरलं. रोज रात्री पानाच्या जुन्या फोनवर त्याचा एकच निरोप यायचा, “जेवलीस?” आणि ती लिहायची, “हो.” बस. जेवणाच्या टेबलाच्या चौथ्या खुर्चीवर आता इस्त्रीचे कपडे बसत होते.

*

“शनिवार म्हणजे चार दिवस!” भोंगा ओरडला.

“हळू!”

“हळूच बोलतोय!”

भोंगाचं हळू म्हणजे इतरांची आरोळी. तिघं गाडीच्या शेडमध्ये बसली होती. भोंगा उलट्या बादलीवर, टिपण वही घेऊन पायरीवर आणि पाना गाडीला टेकून. टिपण दिसेल ते टिपून ठेवायचा, म्हणून टिपण. पानाला पाना म्हणायचा दादा, कारण तो गाडीखाली झोपून नुसता हात बाहेर काढायचा आणि ती न विचारता बरोबर मापाचा पाना त्या हातात ठेवायची.

“चकाचकवाल्यानं इंजिन उघडून पाहिलं?” टिपणनं विचारलं.

“छे! फाटकातूनच मान हलवली. म्हणाला, तरुण रक्त, दुसरं काय! पोरानं ताणलीय. इंजिन फुकट गेलं. बाबा म्हणाले, मीही तेच म्हणतो.”

“न उघडता कळलं? डोळ्यांत एक्स-रे आहे का त्याच्या?”

“आपल्याला असा माणूस हवा,” पाना म्हणाली, “जो उघडून बघेल आणि जे असेल तेच सांगेल.”

तिच्या मनातलं पुढचं वाक्य तिनं मित्रांनासुद्धा सांगितलं नाही. इंजिनानंच सांगितलं, की दादानं काही केलेलं नाही, तर आपल्याला काही सांगावं लागणार नाही.

“पण खरं बोलणारा माणूस ओळखायचा कसा?” भोंगानं विचारलं. “कपाळावर लिहिलेलं नसतं!”

टिपण पेन्सिलीचं टोक चावत राहिला. “परीक्षा घ्यायची. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, असा प्रश्न विचारायचा.”

पानाचे डोळे चमकले. तिनं फळीवरून बुटांचं खोकं काढलं. आत मॅग्नेटो होता, इंजिनाला ठिणगी पुरवणारा मुठीएवढा जड डबा. दादानं जाण्याआधी खटपट करून तो सोडवून ठेवला होता.

“हा चांगला आहे की बिघडलेला?” टिपणनं विचारलं.

“बघू या की. भोंग्या, ही वायर धर.”

“ही? धरली. आता—”

पानानं दांडा गर्रकन फिरवला.

“आईऽऽऽ गं!” भोंगा बादलीसकट आडवा झाला. समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या.

“मॅग्नेटो उत्तम,” टिपणनं लिहिलं. “भोंगाही.”

निघण्यापूर्वी पानानं आईच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका डब्याच्या पोटावर ठेवला. उगाच. दादा म्हणायचा, आपली वस्तू आपल्याला ओळखता आली पाहिजे.

*

चकाचकचं दुकान काचेचं होतं. चकाचकवाला डॉक्टरसारखा पांढरा कोट घालून उभा होता आणि कोटावर तेलाचा एक थेंब नव्हता. चार-पाच गिऱ्हाइकं बाकावर बसली होती.

“काका, आमच्या जुन्या गाडीचा मॅग्नेटो आहे. बघता?”

“आणा! अगदी योग्य ठिकाणी आलात. या दुकानात माझ्याशिवाय कोणी कशाला बोटसुद्धा लावत नाही.” तो डबा घेऊन पडद्याआड गेला. दोन मिनिटांत आला. “अरेरे, साफ जळलाय. न्या परत. नाहीतर इथेच टाका, भंगारात घालतो.”

पानानं डबा उलटा केला. पोट कोरं होतं.

“काका,” ती डबा पुढे धरत म्हणाली, “हा आमचा नाही. आमच्या डब्यावर लाल ठिपका आहे.”

“अं? मग... कामाच्या मुलांकडून अदलाबदल झाली असेल आत.”

“कुठली मुलं?” भोंगानं त्याच्या नेहमीच्या आवाजात विचारलं. “तुमच्याशिवाय कोणी बोटसुद्धा लावत नाही ना?”

बाकावरची सगळी डोकी वर झाली. चकाचकवाला लाल ठिपक्याचा डबा घेऊन आला, तेव्हा त्याचा चेहरा त्याच रंगाचा झाला होता. बाकावरचे एक गृहस्थ शांतपणे उठले आणि काउंटरवरची आपली किल्ली उचलून बाहेर पडले.

दुसरा दुकानदार लबाड नव्हता. त्यानं डबा बघायच्या आधीच हातोडा उचलला, तेव्हा तिघंही पळाली.

गुरुवार उजाडला. टिपणच्या वहीत दोन फुल्या होत्या. भोंगा सकाळपासून गाडीशेजारी सतरंजी अंथरून पडला होता. “परवा चकाचकवाला आला तर मी चाकाला मिठी मारणार,” असं त्यानं जाहीर केलं.

“आपण चुकीच्या माणसांना विचारतोय,” टिपण म्हणाला. “दुकानांना नाही, जुन्या गाडीलाच विचारू. जी चालते, ती कोणी दुरुस्त केली?”

वस्तीत तशी एकच गाडी होती, पेपरवाल्या आजोबांची. एका किकमध्ये सुरू व्हायची.

“सिलिंडरवाल्यानं केलं हो हिचं काम,” आजोबा टाकीवर हात फिरवत म्हणाले. “देवमाणूस! पण तो वारला, दोन वर्षं झाली. दुकान बंद.”

टिपणनं “बंद” असं लिहिलं. पानानं त्याच्या हातातली पेन्सिल धरली. “दुकान कुठे होतं, आजोबा?”

*

कारखान्यांच्या गल्लीच्या अगदी टोकाला शटर अर्धं खाली होतं. वरच्या पाटीचा रंग उडालेला. आणि आतून आवाज येत होता, एकसारखा, घुर्रर्र... घुर्रर्र...

“भूत!” भोंगा म्हणाला. त्याच्या मते कुजबुजत.

“भूतच आहे, वाकून आत या,” आतून उत्तर आलं. “डोकं सांभाळा.”

लेथ मशीनपाशी एक काकू उभ्या होत्या. चष्म्याला दोरी, साडीवर जाड ॲप्रन, हात मनगटापर्यंत काळे. मशीनवर फिरणाऱ्या लोखंडाची चकचकीत साल निघत होती. कोपऱ्यात रेडिओवर कोणीतरी बाजारभाव सांगत होतं. दोन स्टुलं होती. एकावर काकूंचा डबा आणि दुसऱ्यावर घडी घातलेला एक मोठा ॲप्रन, धुतलेला. त्याला कोणाचा हात लागत नसावा.

“काय हवंय?”

“हा मॅग्नेटो बघता?”

काकूंनी हात पुसले, डबा शिकंज्यात धरला, दांडा फिरवला. टिक्! निळी ठिणगी उडाली. पुन्हा फिरवला. टिक्!

“याला काय धाड भरलीय?” त्यांनी चष्म्यावरून तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “हा चांगला आहे, हे तुम्हाला माहितीय. कोणाची परीक्षा घेताय रे?”

“तुमची!” भोंगा बोलून गेला.

“अस्सं! मग पास की नापास?”

“पास!” तिघं एकदम ओरडली आणि काकू हसल्या. खूप दिवसांनी उघडलेल्या दारासारखं होतं ते हसणं. आधी कुरकुरलं, मग सुटलं.

“पण लोक तर म्हणतात, दुकान बंद झालं,” टिपण म्हणाला.

“आमचे हे बाहेर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे. आत इंजिनांचे सिलिंडर मी घासायची, तीस वर्षं. पाटी त्यांच्या नावाची. ते गेले तेव्हा लोक भेटायला आले, हळहळले आणि जाताना आपापली कामं उचलून घेऊन गेले. मी करेन का, असं कोणी विचारलं नाही. आता पंपाचे बुश, म्हणजे आतल्या कड्या, करते.”

“मग तुम्ही सांगायचं की!”

“सांगायचं काम त्यांचं होतं ना. मला सवयच लागली नाही.” काकूंनी रेडिओचा आवाज जरा कमी केला, पण बंद केला नाही. “आणि मग गप्प राहिलं की गप्पच राहायला होतं.”

पानानं मान खाली घातली. हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भिंतीवर जाड अक्षरांत एक ओळ रंगवलेली होती. ‘इंजिन मालकासमोरच उघडले जाईल.’

“हे का?”

“पडद्याआड उघडलेल्या इंजिनाच्या नावावर काहीही खपवता येतं. मालक समोर असला, की इंजिन स्वतःच बोलतं. कोणी हयगय केली, कुठे दुखलं, सगळं.”

“सगळं?” पानानं हळूच विचारलं. “मागे कोण बसलं होतं... तेसुद्धा?”

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “नाही गं. तेवढं माणसांनाच सांगावं लागतं.”

*

“लेथवाली बाई? इंजिन?” बाबांनी घास थांबवला. “पोरखेळ चाललाय का?”

पानानं लाल ठिपक्याची गोष्ट सांगितली. चकाचकवाल्याचा कोट, पडदा, डबा, सगळं. बाबांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“हॅ! आणि मी त्याच्या ताब्यात बाबांची गाडी देणार होतो?”

“त्यांची अट एकच आहे,” पाना म्हणाली. “तुम्ही समोर बसायचं.”

“बसा की,” आई म्हणाली. तिनं सवयीनं चार ताटं काढली होती. चौथं ताट ती नेहमी गुपचूप परत ठेवायची. आज ते टेबलावरच राहिलं. “एकदा बघून तर या, काय झालं ते.”

शुक्रवारी सकाळी बाबांनी हँडल धरलं, तिघांनी मागून जोर लावला आणि गाडी कारखान्यांच्या गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली. “जोर लगाके!” असं भोंगा ओरडत होता. काम मात्र पाना आणि टिपण करत होते.

काकूंनी टेबलावर पांढरी चादर अंथरली. एकेक भाग सुटत गेला, तसा त्या क्रमानं चादरीवर मांडत गेल्या. मोठ्यांनी मागे हात बांधायचे, हाही नियम होता. पाना मात्र न सांगता एकेक पाना पुढे करत होती. तिसऱ्या पान्याला काकू म्हणाल्या, “हिला कोणी शिकवलंय?”

पानानं बाबांकडे पाहिलं आणि चौथा पाना पुढे केला.

शेवटी पिस्टन निघाला. त्याच्या अंगावर खालपासून वरपर्यंत ओरखडे होते.

“बघा!” बाबा म्हणाले. “ताणली की असंच होतं.”

“नाही साहेब. ताणलेल्या इंजिनात वरचा भाग भाजून निघतो. हा बघा, स्वच्छ आहे. आणि ही खालची बेअरिंग बघा, सुकून निळी पडलीय. हे इंजिन तहानेनं गेलं. याला तेल पोचलंच नाही.”

“शक्यच नाही! टाकी मी स्वतः भरली होती. काठोकाठ!”

“टाकीत होतं. इंजिनात नव्हतं. मधे काय आहे?”

“नळी,” पाना म्हणाली.

काकूंनी टाकीखालची नळी सोडवली आणि फुंकर मारली. हवा जाईना. भोंगानं फुंकली. त्याचे गाल फुग्यासारखे झाले, पण पलीकडून काही निघेना. आता भोंगाची फुंकर अडते म्हणजे काय! काकूंनी तारेचा आकडा आत घातला, हळूहळू फिरवला आणि ओढला.

काळा, चिकट, बोटभर लांबीचा गोळा चादरीवर पडला.

त्यांनी तो रॉकेलच्या वाटीत बुचकळला, चिमटीत धरून पिळला आणि उलगडला. काळ्याच्या आतून पिवळं दिसू लागलं. मग चौकडी दिसली.

रेडिओवर कोणीतरी उद्याचं हवामान सांगत होतं. टिपणनं पेन्सिल वहीतून उचलली. भोंगानं तोंड उघडलं आणि, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच, न बोलता मिटलं.

“टाकी धुवायला काढली असेल,” काकू खाली बघत म्हणाल्या, “तेव्हा धूळ जाऊ नये म्हणून कोणीतरी... कोणी, ते मला नका सांगू. मी फक्त इंजिनाचं सांगते.”

बाबा तो तुकडा बघत राहिले. मग घसा खाकरला. “जुन्या गाड्यांत अडकतं कधीकधी काहीतरी. पण तेलाबिलाचं ठीक आहे, त्यानं जपून चालवली असती तर—”

“मी मागे बसले होते.”

पानाला आपलाच आवाज ओळखू आला नाही.

“काय?”

“त्या दिवशी. मी गाडीवर होते, बाबा. दादा इतका हळू चालवत होता, की एक सायकलवाला आमच्या पुढे गेला. मला भीती वाटू नये म्हणून. मग गाडी बंद पडली आणि त्यानं मला मागच्या गल्लीनं पाठवलं, मला ओरडा बसू नये म्हणून. तुम्ही विचारलंत, बघायला कोण होतं. मी होते. आणि मी बोलले नाही.” पुढचं तिच्या नाकातून आणि डोळ्यांतून बाहेर आलं.

काकूंनी दुसऱ्या स्टुलावरचा धुतलेला ॲप्रन उचलून छातीशी धरला. “बसा, साहेब.”

बाबा बसले. त्यांनी पानाच्या डोक्यावर हात ठेवला.

“तीस वर्षांत मोठी मोठी गिऱ्हाइकं पाहिली मी,” काकू म्हणाल्या. “पण मेकॅनिकचीच परीक्षा घ्यायची अक्कल कोणी चालवली नाही. तीन पोरांनी चालवली. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून घासून, नवा पिस्टन नि बेअरिंग बसवून देते. पंधरा दिवस लागतील. चालेल नीट.”

“शाब्बास रे पोरांनो,” बाबा म्हणाले. “पंधरा दिवस... बरं. मग गाडी सुरू झाली, की कळवू त्याला.”

काकूंनी हात लांब करून रेडिओ बंद केला.

त्या शांततेत बाबांनी खिशातून फोन काढला. नंबर शोधायला त्यांना वेळ लागला. पाच महिन्यांत तो यादीत फार खाली गेला होता. पलीकडे घंटी वाजली. एकदा. दोनदा.

“बाबा?” दादाचा आवाज घाबरलेला होता, सगळ्यांना ऐकू येण्याइतका. “काय झालं? सगळे बरे आहेत ना?”

“हो... हो. बरे आहेत.”

“गाडी सुरू झाली का?”

“नाही,” बाबा म्हणाले. पिवळा तुकडा त्यांनी मुठीत घट्ट धरला होता आणि बोटांमधून तेल ओघळत होतं. “बंदच आहे अजून. अरे... तू काही केलं नव्हतंस. गाडी मी बिघडवली. चूक माझी होती. तू घरी ये.”